वैशाखातली गाठ

धुकं उतरलं की आमच्या वाडीत माणसाला माणूस दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आषाढ लागला की आंबेनळीच्या घाटातून ढग खाली सरकत येतात. आधी वरचं रान जातं, मग नाचणीचे उतार, मग गोठा, मग अंगणातली तुळस, आणि शेवटी आपण पुढे केलेला आपलाच हात पांढऱ्यात बुडून जातो. अशा वेळी वनिता उतारावरून कुकारा द्यायची. तोंडाशी तळवा आडवा धरून दिलेली ती लांब हाक दगडाखालून पाणी यावं तशी धुक्यातून वाट काढत यायची, आणि समोरच्या डोंगरावर आपटून थोडी जाड होऊन पुन्हा एकदा यायची, म्हणजे घरी तिची हाक दोनदा पोचायची, एकदा तिची आणि एकदा डोंगराची. अर्थ एवढाच असायचा, की मी आहे, म्हैस सापडली, भात चढवा.

वनिता माझी सून. ती आता नाही. छातीच्या कर्करोगाने गेली, पन्नाशी बघितली नाही तिने. तिच्या दुखण्यात नवलाचं काही नाही, असं दुखणं आता पोलादपूरपासून महाडपर्यंत कुठल्याही गावात निघतं. पण त्या महिन्यांत तिने जगण्यासाठी जेवढी धडपड केली नाही तेवढी एका गोष्टीसाठी केली. गाठ तिला कधी लागली, हे तिच्या लेकीला कळू नये, एवढंच तिला हवं होतं.

तिला आठवायला बसलं की मला आधी चेहरा आठवत नाही, उजवा हात आठवतो. कोपराखाली उन्हाने करपलेला, कोपराच्या वर चोळीच्या बाहीआड तांदळाच्या धुवणासारखा फिकट. विळा तोच धरायचा, कालवणात डाव तोच फिरवायचा, पोरीला चापट तोच द्यायचा आणि मागाहून तिच्या डोक्यावरून फिरायचाही तोच. उमरठच्या अंगाला डोंगरात वाढलेली ती, त्यामुळे अंगाने कायम थोडी पुढे झुकलेली. पोलादपूरच्या बाजारात सपाट रस्त्यावरून चालली तरी चढण चढते आहे असं वाटायचं. डोक्यावर लाकडांचा भारा असला की मात्र ती सरळ व्हायची. ओझ्याखालीच तिला उभं राहता यायचं आणि मोकळी असली की वाकायची, अशी तिची चाल होती.

माझं तिचं पटायचं असं मी म्हणणार नाही. एका चुलीपाशी दोन बायकांनी पंचवीस वर्षं काढली की पटणं न पटणं मागे पडतं, भिंतीच्या दोन बाजूंसारखं होतं त्यांचं, एकमेकींना पाठ लावून दोघी छप्पर धरून असतात. ती मला आत्या म्हणायची, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. कधी तिचं माझं वाजलं की म्हणायची, "आत्या, तुमचं तोंड म्हंजे कोयती हाय." मी म्हणायची, "कोयती हाय म्हणून रान साफ हाय." मग ती पदर तोंडाला लावून हसायची, आणि तिचे खांदे हलताना दिसायचे. मोठ्याने हसलेली मी तिला फार थोडी ऐकली. माझा मुलगा दत्ता मुंबईला एका गोदामात कामाला, सणाला घरी यायचा. बाकी वर्षभर शेत, म्हैस, मी आणि पोर, हे सगळं तिच्या त्या एका हातावर होतं.

म्हशीच्या कासेला तिचा हात लागला की म्हैस डोळे मिटायची. चारही सडांत दूध सारखं उतरतंय का, एखादा सड गरम आहे का, आत कुठे दगडासारखं लागतंय का, हे तिच्या बोटांना दावणीपाशी बसल्याबरोबर कळायचं. म्हशीच्या थानाबद्दल आमच्याकडे गडी माणसंसुद्धा चावडीवर बसून बोलतात. बाईच्या थानाबद्दल कुणी बोलत नाही. पोर अंगावर पितं तोवर ते पोराचं असतं, नवरा घरी असतो तेव्हा ते नवऱ्याचं असतं, आणि ही दोन्ही कामं संपली की चोळीच्या आत काय आहे याची बाई स्वतःसुद्धा चौकशी करत नाही. मीही केली नाही. आंघोळ आम्ही लुगडं अंगावर ठेवूनच करतो, पाणी कपड्यावरून जातं आणि कपड्यावरूनच सुकतं. अशा घरात वनिताच्या बोटांना ती गाठ लागली हेच मला पुढे आश्चर्य वाटलं.

त्या उन्हाळ्यात तिची लेक रूपाली पोटुशी होती. रूपालीला महाडच्या बाजूला, सावित्रीच्या काठच्या एका गावात दिली आहे. सातव्या महिन्यात तिकडे डोहाळजेवण झालं, तेव्हा आम्ही दोघी गेलो होतो. जेवणं झाल्यावर विहीणबाई पान लावता लावता म्हणाल्या, "पयलं बाळंतपण आयशीकडं, अशी आमच्यात रीत हाय. तुमची शेती, म्हैस, एकटीचा कारभार. जमत नसल तर आत्ताच सांगा, आमी करू. लोक काय बोलायचं ते बोलतील."

त्या शेवटच्या वाक्यात सगळं होतं. वनिता म्हणाली, "जमतंय की. न जमायला काय झालं?" आणि बोलता बोलता तिने उजव्या खांद्यावरचा पदर सारखा केला. तो तिने तेव्हा का सारखा केला हे आता मला माहीत आहे. पदराखाली तेव्हा गाठ होती. जेठ चालू होता, आणि गाठ तिला वैशाखात, पावसाळ्याची लाकडं वाहून आल्यावर मान धुता धुता हात छातीवर गेला तेव्हा लागली होती, वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. आमच्या डोंगरात जे दुखत नाही त्याला दुखणं म्हणत नाहीत. पण तिला संशय आलाच असणार, कारण तिने ते कुणाला सांगितलं नाही. ज्याचा संशय नसतो ते बाई लगेच बोलून टाकते.

पावसाने रान भरलं आणि रूपाली बाळंत व्हायला आली. तो पावसाळा माझ्या आठवणीत काळोखाचा आणि धुराचा आहे. बाळंतिणीची खोली बंद, खिडकीला गोणपाट, शेगडीत ओव्याची धुरी, बाहेर पागोळ्यांची एकसारखी ओळ आणि आत तान्ह्या पोरीचं रडणं, ओल्या काडीसारखं बारीक. वनिता त्या धुरातून ये-जा करायची. पाणी तापवायची, लेकीला तेल लावायची, शेक द्यायची, पोरीला पायांवर घालून न्हाऊ घालायची, आणि बाळंतिणीच्या ताटात गरम भात वाढायची तेव्हा वाफेपलीकडे तिचं तोंड असं दिसायचं जणू तिलाच कुणी जन्माला घातलंय. इतकी ती मला कधीच सुखी दिसली नव्हती. मी आजही खात्रीने सांगते, ते सुख खोटं नव्हतं. माणसाच्या अंगात मरण वाढत असताना सुखही वाढू शकतं, दोघं एकमेकांची अडचण करत नाहीत.

तिच्या चोळीला उजवीकडे कधी कधी ओला डाग दिसायचा. घरात तान्हं मूल होतं. ते तिच्या खांद्यावर झोपायचं, लाळ गाळायचं, दूध ओकायचं. डाग पाहून मी म्हटलं, "पोरीनं आजीला भिजवलं गो." ती म्हणाली, "भिजवू दे, आत्या." आणि चोळी बदलायला गेली. चोळी तिने स्वतः धुतली. तो डाग दुधाचा किंवा लाळेचा नव्हता. तिच्या बोंडातून पाणी येत होतं, पुढे पुढे लालसर. बाळंतिणीच्या घरात ओल्या चोळीकडे कोण बघतं? तिला लपायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

दिवाळी करून रूपाली पोरीला घेऊन सासरी गेली. ओटी भरून, पोरीच्या गालाला काजळाची तीट लावून वनिताने त्यांना एसटीत बसवलं आणि गाडी वळणाआड गेल्यावरही हात वर करून उभी राहिली. डावा हात. मग भाताची झोडणी काढली. खळ्यात फळीवर भाताच्या पेंढ्या झोडताना तिचा एकेक फटका मी घरात बसून ओळखायची. त्या सकाळी फटके मधेच थांबले. बाहेर येऊन पाहिलं तर पेंढी हातातून निसटून लांब पडलेली, आणि वनिता उजवा हात पोटाशी धरून उभी, जणू दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिली आहे. बोटं सुजलेली होती. कार्तिकाचं ऊन होतं, भाताचं तूस हवेत सोन्यासारखं तरंगत होतं आणि त्या उजेडात तिचा चेहरा मातीचा झाला होता.

मी तिला न्हाणीत नेलं आणि म्हटलं, "चोळी काढ."

"काय आत्या, या वयात?"

"या वयातच. तुझं लाजायचं वय गेलं, आणि माझं तर कदीच गेलं. काढ."

तिने काढली. रूपाली अंगावर पीत होती तेव्हा मी तिला शेवटची तशी पाहिली होती. डावं थान पोर पाजलेल्या कुठल्याही बाईचं असावं तसं खाली उतरलेलं, मऊ. उजवं मात्र वर ओढलं गेलं होतं, घट्ट, जणू तरुण झालं होतं. कातडी ईडलिंबाच्या सालीसारखी जाड आणि भोकाभोकांची, बोंड बेंबीसारखं आत गेलेलं, आणि काखेत हात घातला तर तिथेही खडे. मी हात काढून घेतला. बाहेर कोंबड्या तूस उकरत होत्या. मी चोळी तिच्या हातात दिली, आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिला जे कळायचं ते कळलं.

महाडला दवाखान्यात एक बाई डॉक्टर होती, वयाने रूपालीएवढी. तिच्या टेबलामागे भिंतीवर चित्र लावलेलं होतं, बाईची छाती अर्धी कापून आतलं दाखवलेलं. वर लिहिलं होतं, स्तनाची रचना. मी ते अक्षर लावून वाचलं. दुसरी बाई आत यायला लागली की माझं मलाच अवघडायला व्हायचं, पण त्या चित्रावरून माझी नजर हलेना. डॉक्टरने बोट ठेवून सांगितलं. आत दुधाच्या पंधरावीस फोडी असतात, बोंडाभोवती चाकासारख्या मांडलेल्या. प्रत्येक फोडीतून एक बारीक नळी बोंडाकडे येते. फोडींच्या मधे चरबी. आणि हे सगळं जागेवर राहावं म्हणून आतून कातडीला बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या. गाठ वाढते तशी त्या दोऱ्या आत ओढते, म्हणून वर खळगा पडतो, बोंड आत जातं. रस वाहून नेणाऱ्या बारीक वाटा काखेत जातात, तिथे मण्यांसारख्या ग्रंथी असतात, रोग बहुतेक आधी तिथे मुक्काम करतो आणि मग पुढे निघतो.

मला फणस आठवला. उभा चिरलेला फणस, मधला दांडा, त्याच्याभोवती गरे, गऱ्यांच्या मधे ते चिवट दोरे. पाच पोरं मी अंगावर पाजली, त्यातली दोन गेली, पण आपल्या आत हे एवढं नीट मांडून ठेवलंय हे मला म्हातारपणी, ते नासलेलं पाहताना कळलं. कुठल्याही सुताराला जमणार नाही अशी बांधणी. आणि ती बांधणी करणाऱ्यानेच तिच्यातून रोगाला काखेपर्यंत वाट काढून ठेवली. यावर कुणी मला देवाबद्दल काही सांगायला येऊ नये.

डॉक्टरने विचारलं, "गाठ पहिल्यांदा कधी लागली?"

वनिताने माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि म्हणाली, "वैशाखात."

डॉक्टर लिहीत होती ती थांबली. तपासणीसाठी सुईने तुकडा घ्यायला लागेल, मुंबईला जावं लागेल, एवढंच बोलली. आवाज तिने जपून ठेवला होता, ओल्या जमिनीवर पाय ठेवावा तसा.

महाडच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. वनिता बशीत चहा ओतून त्याच्यावर आलेली साय बोटाने बाजूला करत राहिली. मी म्हटलं, "वैशाखापासून अंगावर घेऊन फिरलीस. का गो?"

"वैशाखात सांगितलं असतं तर मला मुंबईला नेलं असतं. मग रूपालीचं कोण करणार होतं? तिच्या सासूनं केलं असतं, आणि जन्मभर तिला ऐकवलं असतं."

"ऐकवलं असतं तर ऐकलं असतं तिनं. माझं नाय ऐकलंस तू?"

"ऐकलं म्हणूनच," ती म्हणाली. तेवढ्यातही तिचे खांदे हलले. मग बशी खाली ठेवून म्हणाली, "आत्या, रूपालीला सांगायचं दिवाळीनंतर लागली. तिच्या बाळंतपणापायी मी थांबले हे तिला कळलं तर ती पोरीकडं बघताना दर वेळी तेच बघंल. विचारलं तर तुमी हो म्हणा."

"मी खोटं बोलत नाय. गप राहीन."

"तुमी गप राहिलात तर अख्ख्या वाडीला संशय यील."

ती पोलादपूरच्या गाडीत खिडकीशी बसली आणि सावित्रीचं पात्र संपेपर्यंत बाहेर बघत राहिली. मी पुढच्या सीटच्या दांड्याला धरून विचार करत होते, की रीत कुणी मोडली असती तर काय झालं असतं. काहीही झालं नसतं. दोन बायका दोन दिवस बोलल्या असत्या. पण हे सगळं झाल्यावर कळतं, आणि झाल्यावर कळलेल्या गोष्टीची किंमत वाळल्या शेणीएवढीही नसते, ती निदान जळते तरी.

मुंबईला दत्ताने तिला मोठ्या इस्पितळात दाखवलं. रोग मणक्यात उतरला होता. छाती कापून आता उपयोग नाही म्हणाले. शिरेतून औषधं दिली, तिचे केस गेले, भुवया गेल्या, तोंड जुन्या नाण्यासारखं गुळगुळीत झालं. मग ती म्हणाली, मला घरी न्या. दत्ता मला फोनवर म्हणाला, "आये, तू समजाव तिला." मी म्हटलं, "तुझे डॉक्टर ती बरी होईल म्हणतात का? नाय ना? मग आण."

माघात गाठ फुटली. आत वाढलेलं बाहेर आलं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, कडेने काळं, मधे लाल. कुणी अशा जखमेला फूल म्हणत असेल तर त्याने तिचा वास घेतलेला नाही. मी रोज पडवीत, ऊन आलं की, तिला भिंतीशी टेकवून बसवायची, उकळून निवलेल्या मिठाच्या पाण्याने ते धुवायची आणि डॉक्टरने दिलेल्या गोळ्या कुटून त्यांची पूड वर टाकायची. त्याने वास थोडा मरायचा. दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या होत्या. माघाचं ऊन पडवीत तिरपं येतं आणि हळूहळू माणसाच्या मांडीवर चढतं, मांजरासारखं. त्या उन्हात बसून ती डोळे मिटून बोलायची. वैशाखातली लाकडं, चोळीचा डाग, लेक झोपली की चोळीत हात घालून गाठीला बोटाने मापायची ते, सगळं तिने मला तेव्हा सांगितलं. बोलणं मधेच तुटायचं, कारण श्वास पुरत नव्हता. फुप्फुसात पाणी झालं होतं. आवाज एवढा बारीक झाला होता की चार हातांवरच्या मलाही पुढे वाकावं लागायचं.

शिमग्याला रूपाली पोरीला घेऊन आली. रानात पांगारे पेटले होते, खालच्या वाडीतून ढोल ऐकू येत होता. पोरगी रांगायला लागलेली. रूपालीने पदर खोचला आणि म्हणाली, "आज मी करते आजी, तू बस."

मी म्हटलं, "तुला बघवायचं नाय."

"माझी आये हाय ती."

तिने पट्टी सोडली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, ते हललं नाही. पाण्यात कापूस बुडवून कडेकडेने ती पुसत गेली, आयशीसारखाच हात, हलका पण न कचरणारा. पोरगी वनिताच्या पायाचं बोट धरून बसली होती. थोड्या वेळाने रूपालीने मान खाली ठेवूनच विचारलं, "आये, तुला ही लागली कदी?"

"दिवाळीनंतर. सांगितलं की तुला."

"मला दुधाच्या गाठी झाल्या होत्या, आठवतंय? श्रावणात. तू माझी बोटं धरून दाबायला लावलंस, म्हणालीस ही दुखते ना, दुखते ती चांगली, शेकली की विरघळंल. न दुखणारी कदी लागली तर एक दिवस थांबू नको. मी विचारलं, न दुखणारी कशी असते? तर म्हणालीस, खड्यासारखी, सरकत नाय."

कापूस तिच्या हातात तसाच होता. ढोल वाजत होता. वनिताने डोळे उघडले नाहीत.

"तांदूळ निवडणारीला खडा कसा असतो ते विचारतेस होय?" ती म्हणाली. "सुपात रोज लागतो."

रूपालीने कापूस पुन्हा पाण्यात बुडवून पिळला. मग म्हणाली, "बरं." आणि पूड टाकायला लागली.

त्या "बरं"मध्ये मला सगळं ऐकू आलं. वनिताला नाही आलं. किंवा तिने येऊ दिलं नाही. तिच्या तोंडावरचा ताण सुटला, मुठीतून वाळू सुटावी तसा, आणि पहिल्यांदाच तिला पडवीत बसल्या बसल्या झोप लागली. रूपाली नंतर शेवटपर्यंत राहिली. सासरहून निरोप आले, ती गेली नाही. आयशीला तिने भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, आणि ती एक गोष्ट पुन्हा ओठावर आणली नाही.

चैत्र संपता संपता वनिता गेली. सकाळची वेळ होती, मुंबईहून आलेला दत्ता अंगणात दात घासत होता. शेवटचा श्वास लांब नव्हता, मोठा नव्हता, पुढचा आला नाही म्हणून तो शेवटचा झाला. तिला मी आणि रूपालीने न्हाऊ घातलं. उजवीकडची पट्टी मी काढायला गेले तर रूपालीने माझा हात धरला. "राहू दे," म्हणाली. हळदीकुंकू लावून मळवट भरला, हिरवी साडी नेसवली. सवाष्ण गेली म्हणून बायका तिला भाग्यवान म्हणाल्या. मी त्यांना गप बसायला सांगितलं.

दिवस झाल्यावर रूपाली निघाली त्या सकाळी विहिरीवर आम्ही दोघीच होतो. तिने घागर बुडवली आणि वर न ओढता म्हणाली, "माझ्या बाळंतपणाआधीच ना?"

मी म्हटलं, "हो. वैशाखात."

"श्रावणातच मला वाटलं होतं काहीतरी. पण दूध उतरत होतं, झोप नव्हती, विचारायचं राहिलं." मग म्हणाली, "शिमग्याला कळलंच."

"मग तिला बोलली का नायस?"

"काय बोलणार होते गो आजी? एकच वस्तू तिनं माझ्यासाठी राखून ठेवली होती. ती तिच्या हातात तशीच राहू दे म्हटलं."

तिने घागर ओढली. तिचा हात आता वनितासारखा काळा व्हायला लागला आहे. मी तिला सांगितलं, न्हाताना अंगावर कपडा ठेवू नको, बोटं फिरवत जा, आणि महाडच्या त्या बाईला दरवर्षी दाखव. ती हो म्हणाली. करेल की नाही मला माहीत नाही. पाठीवर पोर, हातात घागर, समोर सासर, अशी बाई अशा गोष्टींना हो म्हणते.

आई खोटं पटलं असं समजून गेली आणि लेकीने ते पटलं असं दाखवलं, आणि दोघींनी एकमेकींना जे दिलं ते दोघींपैकी कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. वनिता वाचली नाही, रूपालीचं ओझं उतरलं नाही. मी दोघींच्या मधे उभी होते आणि मला जे खरं ते माहीत होतं, त्यानेही काही झालं नाही. परवा रूपाली येऊन गेली. तिची पोरगी आता चालते, भिंतीला धरून अंगणभर फिरते, आणि पडवीत जिथे वनिता टेकून बसायची तिथे आली की आम्ही दोघी नकळत पाय आखडून घेतो, तिथे कुणी बसलं आहे असं समजून, आणि तीही आमचं बघून तेवढी जागा सोडून पुढे जाते. गेलेल्या माणसाची जागा भरून येते असं लोक सांगतात. मी एवढी वर्षं पाहते आहे, ती भरत नाही, मागे राहिलेली माणसं तिला वळसा घालायला शिकतात, वळशाची हळूहळू वाट होते, आणि मागून येणाऱ्या पोरांना वाटतं की ही वाट पहिल्यापासून अशीच वाकडी होती.